पोटशुळाचा शोध

पोट कधीच दुखले नाही असा माणूस दाखवा म्हटले तर गावेच्या गावे पालथी घालावी लागतील. ह्या दुखण्याला आपल्या भाषेने किती नावे दिली आहेत ती पाहा. मुरडा येतो, कळ येते, गोळा उठतो, तडस लागते, गुबारा धरतो, पोट डब्ब होते, आतून कोणी आवळून धरल्यासारखे वाटते. दुसऱ्याचे बरे झालेले पाहून जो उठतो तो पोटशूळ निराळा. त्याच्यावर कोणत्याच वैद्याकडे औषध नाही, म्हणून तो आज बाजूला ठेवू.

पण एक गोष्ट ध्यानात आली का? ही सारी नावे दुखते कसे ते सांगतात, का दुखते ते एकही नाव सांगत नाही. ताप आला म्हणजे अंग तापते. परंतु ताप हिवतापाचा की विषमज्वराचा हे निराळे शोधावे लागते. पोटदुखीचेही तसेच आहे. ते रोगाचे नाव नव्हे, रोगाने मारलेली हाक आहे. आणि हाक कोण मारतो आहे हे ओळखायला माणसाला दोन हजारांहून अधिक वर्षे लागली. ह्याचे कारण उघड आहे. हात मोडला तर दिसतो, डोळा आला तर दिसतो. पोट मात्र झाकलेली पेटी. आत जठर आहे, वीस हातांच्या आसपास आतडे गुंडाळून ठेवलेले आहे, यकृत, पित्ताशय, मूत्रपिंडे, स्त्रियांच्या पोटात गर्भाशय आणि बीजकोश आहेत. ह्यांपैकी कोणीही कुरकुर केली की माणूस एकच वाक्य बोलतो, "पोटात दुखतंय."

आपल्या जुन्या वैद्यांनी ह्या पेटीवर बाहेरून हात ठेवून जेवढे कळेल तेवढे बारकाईने पाहिले होते. शूल, आनाह, आध्मान, उदर, गुल्म असे भेद त्यांनी केले. गुल्म म्हणजे झुडूप. पोटात हाताला लागणारा गोळा तो गुल्म. चरकसंहितेत गुल्माचे पाच प्रकार सांगितले आहेत आणि त्यांतला रक्तगुल्म केवळ स्त्रियांना होतो असे म्हटले आहे. ह्या रक्तगुल्मात पोट वाढते, पाळी थांबते, बाई गरोदर असल्यासारखी दिसते. मग वैद्याने काय करावे? तर दहा महिने उलटू द्यावेत आणि मग उपचाराला हात घालावा, असा त्यांचा सांगावा आहे. हे वाचून हसू नका. गोळा की गर्भ हे ठरवायला ज्या काळी दुसरे काहीच साधन नव्हते, त्या काळी दहा महिने थांबणे हीच परीक्षा होती आणि उगाच गर्भपात होऊ नये एवढी माया त्या नियमात होती.

सुश्रुताचे धाडस तर त्याहून मोठे. आतडे अडले किंवा फाटले तर बेंबीच्या खाली डाव्या बाजूला छेद घ्यावा, आतडे बाहेर काढून तपासावे, फाटलेल्या जागेच्या कडा जुळवून त्यांना काळ्या मुंग्यांकडून चावा घेववावा आणि मुंग्यांची धडे तोडून डोकी तशीच राहू द्यावीत, असे वर्णन सुश्रुतसंहितेत आहे. आजचे शल्यविशारद कडा जुळवायला धातूचे टाके मारतात, ती कल्पना हीच. पुढे आपल्याकडे शस्त्रक्रियेची परंपरा मागे पडली, आणि पोटाची पेटी पुन्हा बंद झाली.

ती पुन्हा उघडली गेली ती फार लांब, अमेरिकेतल्या केंटकी राज्यात, डॅनव्हिल नावाच्या लहानशा गावी. साल १८०९. जेन क्रॉफर्ड नावाची पंचेचाळिशीच्या घरातली, लेकरांची आई असलेली बाई. तिचे पोट वाढत चालले होते, आत तणाव आणि कळा होत्या. जवळपासच्या डॉक्टरांनी सांगितले, बाई गरोदर आहे, दिवस उलटून गेले आहेत. आपला रक्तगुल्मच म्हणाना! बाळंतपण करायला म्हणून साठ मैलांवरून इफ्रेम मॅकडॉवेल ह्या डॉक्टरला बोलावणे गेले. तो आला, त्याने तपासले, आणि सांगितले की हे मूल नव्हे, बीजकोशाला आलेली गाठ आहे. त्याने तिला खरे तेच सांगितले. अशी शस्त्रक्रिया पूर्वी कोणी केल्याचे त्याला ठाऊक नव्हते. मोठमोठे शल्यवैद्य म्हणत की पोट उघडले की मृत्यू ठरलेला. तरी तुझी तयारी असेल तर मी करून पाहतो, पण तुला माझ्या गावी यावे लागेल.

ती बाई थंडीच्या दिवसांत घोड्यावर बसून साठ मैल गेली. पोटातली गाठ खोगिराच्या पुढच्या उंचवट्यावर टेकलेली. नाताळच्या दिवशी मॅकडॉवेलने तिला टेबलावर निजवले. भूल देण्याचे औषध जगात अजून आलेले नव्हते. इथरची भूल जाहीररीत्या दिली गेली ती १८४६ साली. बाई स्तोत्रे म्हणत पडून राहिली. पोट उघडताच आतडी टेबलावर आली आणि गाठ निघेपर्यंत ती परत आत घालता आली नाहीत. पंचवीस मिनिटांत काम आटोपले. गाठीचे आणि तिच्यातल्या द्रवाचे मिळून वजन भरले साडेबावीस पौंड, म्हणजे सुमारे दहा किलो. पाचव्या दिवशी डॉक्टर पाहायला गेला तर बाई उठून आपले अंथरूण आवरीत होती! पंचविसाव्या दिवशी ती घरी परतली आणि त्यानंतर बत्तीस वर्षे जगली.

मॅकडॉवेलचे कौतुक सगळे करतात आणि ते योग्यच आहे. मला मात्र त्या बाईचे अधिक वाटते. सुरी धरणाऱ्याला धाडस लागते, हे खरे; पण जिच्यावर सुरी चालायची तिने शुद्धीवर राहून ते सोसायचे ठरवले, हे धाडस कोणत्या मापाने मोजावे?

ही गोष्ट एवढी लांबवून सांगितली तिला एक कारण आहे. आपल्या घरोघरी बाईचे पोट वाढले, जड झाले, थोडे खाल्ले तरी भरल्यासारखे वाटू लागले, तर ती स्वतःच म्हणते, "वाताचं असेल," "वय झालं, चालायचंच." कामाच्या रगाड्यात महिने जातात. बीजकोशाचा कर्करोग असाच चोरपावलांनी येतो. पोट फुगणे, आवळल्यासारखे वाटणे, भूक लवकर भागणे, वारंवार लघवीला जावे लागणे ही त्याची साधी, न दुखणारी लक्षणे. चाळिशी-पन्नाशी ओलांडलेल्या बाईला हे नव्याने सुरू झाले आणि दोन-तीन आठवडे रोजच्या रोज राहिले, तर तपासणी करून घ्यावी. पोटावरून यंत्र फिरवून आतले चित्र पाहण्याची, सोनोग्राफीची सोय आज तालुक्याच्या गावीही पुष्कळ ठिकाणी झाली आहे. साठ मैल घोड्यावर जायला नको.

ज्या मॅकडॉवेलने पोटाची पेटी उघडली तो स्वतः १८३० साली पोटाच्याच अचानक कळांनी आणि उलट्यांनी गेला. त्याच्या आजाराचे वर्णन वाचून आज डॉक्टर म्हणतात की त्याचे अपेंडिक्स फुटले असावे. त्या वेळी तसे म्हणणार कोण? त्या अवयवाचा रोग असतो हेच माहीत नव्हते.

अपेंडिक्स म्हणजे आंत्रपुच्छ. मोठ्या आतड्याच्या आरंभाला लोंबणारी, करंगळीएवढी नळी. १७३५ साली लंडनमध्ये क्लॉडियस अम्यांड ह्या शल्यवैद्याने एका अकरा वर्षांच्या मुलाच्या अंतर्गळाची शस्त्रक्रिया केली, तेव्हा त्या गाठीत त्याला ही नळी सापडली. मुलाने गिळलेली टाचणी तिला भोसकून बाहेर आली होती. नळी काढली, मुलगा जगला. पण ह्या एका उदाहरणातून कोणाला बोध झाला नाही. पुढे दीडशे वर्षे उजव्या कुशीतल्या दुखण्याला आतड्याची सूज म्हणत राहिले आणि त्यावर अफू दे, शेक दे, जुलाब दे असे चालले. १८८६ साली बॉस्टनच्या रेजिनाल्ड फिट्झने मृतांच्या तपासणीच्या नोंदी एकत्र करून दाखवले की ह्या रोगाचे मूळ आतड्यात नसून त्या करंगळीएवढ्या नळीत आहे, आणि ती फुटण्याच्या आत काढून टाकणे हाच उपाय. १८८९ मध्ये न्यूयॉर्कच्या मॅकबर्नीने कोठे बोट दाबले असता सर्वांत जास्त दुखते ती जागा नेमकी सांगितली. बेंबीपासून उजव्या कमरेच्या हाडापर्यंत रेघ ओढा. हाडाकडून तिचा तिसरा हिस्सा सोडला की ती जागा येते.

तरीही लोकांना ह्या रोगाचे नाव कळले ते एका राजामुळे. १९०२ च्या जून महिन्यात इंग्लंडच्या सातव्या एडवर्डचा राज्याभिषेक ठरला होता, तारीख २६ जून. देशोदेशींचे पाहुणे लंडनला जमले होते. आपल्या कोल्हापूरचे शाहू महाराजही त्याच समारंभासाठी विलायतेला गेले होते. आणि दहा-बारा दिवस आधी राजाच्या पोटात दुखू लागले. राजा ऐकेना, राज्याभिषेक झालाच पाहिजे म्हणू लागला. शेवटी २४ जूनला, समारंभाला दोन दिवस असताना, फ्रेडरिक ट्रीव्ह्ज ह्या शल्यवैद्याने राजवाड्यातच शस्त्रक्रिया करून साठलेला पू काढला. राजा वाचला आणि ९ ऑगस्टला त्याच्या डोक्यावर मुकुट चढला. शाहू महाराजांनी संस्थानच्या नोकऱ्यांत मागासलेल्या वर्गांसाठी निम्म्या जागा राखून ठेवल्याचा जो हुकूम काढला त्याची तारीख २६ जुलै १९०२ आहे, म्हणजे राजाच्या बरे होण्याची वाट पाहण्याच्या त्याच दिवसांतली. इतिहासात कशाला काय लागून येते पाहा!

ट्रीव्ह्जच्या स्वतःच्या मुलीला दोन वर्षांपूर्वी, १९०० साली, ह्याच रोगाने ओढून नेले होते. राजापुढे तो हट्टाने उभा राहिला त्यामागे ते दुःख असेल काय? मला तसे वाटते. पुरावा मात्र नाही.

श्रोतेहो, ह्या ठिकाणी दोन शब्द ठासून सांगितले पाहिजेत. आपल्याकडे पोट दुखले की पहिला उपाय एरंडेल. बद्धकोष्ठाला एरंडेल चांगले, ह्याबद्दल वाद नाही. पण अपेंडिक्स सुजलेले असताना जुलाब दिला तर आतडे जोराने हलते आणि ती नळी फुटण्याचा धोका वाढतो. नळी फुटली की पू साऱ्या पोटात पसरतो. म्हणून दुखणे बेंबीभोवती सुरू होऊन काही तासांनी उजवीकडे खाली सरकले, अन्न नकोसे झाले, ओकारी आली, खोकताना किंवा चालताना कळ येऊ लागली, तर एरंडेल नको, पोट चोळणे नको, बेंबी बसवायला जाणकार बाई नको. सरळ दवाखाना. पोट फळीसारखे ताठ झाले, किंवा शौचही नाही आणि वाराही सरत नाही अशी अवस्था आली, तर रात्र सरायची वाट पाहू नये.

मेळघाटासारख्या भागात तान्ह्या मुलाचे पोट फुगले म्हणजे तापवलेल्या सळईने पोटावर डाग देतात. आईबापांच्या मनात वाईट नसते. लेकरू रडते ते पाहवत नाही म्हणूनच ते हे करतात. पण आतल्या दुखण्याला त्या डागाचा काडीचा उपयोग होत नाही. एका जखमेच्या दोन जखमा मात्र होतात.

आता पोटदुखीचे कारण पोटात नसून घरातल्या भांड्यात कसे सापडले ते ऐका. इंग्लंडच्या नैर्ऋत्येला डेव्हन नावाचा परगणा आहे. तिथे सफरचंदांच्या बागा आणि त्या फळांच्या रसाची सायडर नावाची दारू. अठराव्या शतकात तिथल्या लोकांना एका भयंकर पोटशुळाने पछाडले होते. पोट पाठीला लागेल अशी कळ, दिवसेंदिवस शौच नाही, आणि रोग जुना झाला की मनगटे लुळी पडायची. वैद्य म्हणत, सायडर आंबट असते, आंबटाने हे होते. पटण्याजोगे होते, म्हणून सगळ्यांनी मान डोलावली.

जॉर्ज बेकर हा डॉक्टर मूळचा त्याच परगण्यातला. त्याने साधा प्रश्न विचारला: हेरफर्ड परगण्यातले लोक सायडर काही कमी पीत नाहीत, मग त्यांचे पोट का दुखत नाही? दोन्हीकडचे चरक आणि घाणे त्याने ताडून पाहिले. डेव्हनमध्ये फळे चिरडण्याच्या दगडांचे सांधे शिशाने भरलेले, रस गोळा होण्याच्या जागी शिशाचे पत्रे मारलेले. हेरफर्डमध्ये हे नव्हते. मग त्याने दोन्हीकडची सायडर रासायनिक कसोटीला लावली आणि डेव्हनच्या सायडरमध्ये शिसे सापडले, दुसरीत सापडले नाही. १७६७ साली त्याने हे प्रसिद्ध केले. त्याचे आभार मानले गेले असतील असे वाटते ना? बागाईतदार आणि धर्मगुरू त्याच्यावर तुटून पडले. हा आपल्याच गावाच्या मालाची बदनामी करतो म्हणून. पण हळूहळू शिसे निघाले आणि त्याच्या मागोमाग तो पोटशूळही गेला.

विज्ञान शिकवणाऱ्या शिक्षकांनी हे उदाहरण जरूर घ्यावे. सूक्ष्मदर्शक नाही, क्ष-किरण नाहीत. दोन गावांत काय सारखे आणि काय वेगळे एवढेच त्याने नीट विचारले. आणि हा नुसता जुना इतिहास नव्हे. शिसे आजही आपल्या पोटात जाऊ शकते. जुन्या बॅटऱ्या फोडून शिसे वितळवण्याचे काम जिथे चालते तिथली माणसे आणि मुले, कल्हईच्या कथलात शिशाची भेसळ असलेली भांडी, न तपासलेली काही भस्मे, हे सारे त्याचे मार्ग आहेत. शेजारच्या बांगलादेशात तर हळकुंडांना पिवळा रंग चढावा म्हणून शिशाचे संयुग लावीत असल्याचे २०१९ साली उघडकीला आले. पोट वरचेवर दुखते, शौचाला होत नाही, अंग फिकट पडले आहे आणि तपासण्यांत काही सापडत नाही, अशा वेळी डॉक्टरला आपला धंदा कोणता हे आपण होऊन सांगावे.

आपल्या इतिहासातले एक पोटदुखणे मराठी माणसाच्या मनात घर करून आहे. थोरले माधवराव पेशवे १७७२ च्या नोव्हेंबरमध्ये १८ तारखेला थेऊरच्या गणपतीच्या सान्निध्यात गेले, तेव्हा त्यांचे वय होते सत्तावीस. पानिपतानंतर राज्य सावरलेला हा पुरुष राजयक्ष्म्याने, म्हणजे क्षयाने, खंगत गेला आणि शेवटी पोटातल्या वेदनांनी तळमळला. हा क्षय आतड्यांपर्यंत गेला होता असे अभ्यासक मानतात. क्षय म्हणजे फुप्फुसाचा रोग, खोकल्याचा रोग, एवढेच आपण समजतो. तो पोटातही होतो. माधवरावांच्या वैद्यांपाशी निष्ठेची वाण नव्हती, पण ज्याच्याशी लढायचे तो शत्रू त्यांना दिसत नव्हता. तो दिसला १८८२ साली, बर्लिनमध्ये रॉबर्ट कॉखला. आणि त्याच्यावर चालणारे पहिले प्रभावी औषध, स्ट्रेप्टोमायसिन, हाती आले १९४३ साली. संध्याकाळी कणकण, वजन उतरणे, पोट हळूहळू गच्च आणि जड होत जाणे, कधी जुलाब तर कधी अडखळ, असे आठवडेच्या आठवडे चालले तर पोटाच्या क्षयाची शंका घ्यावी. औषधे सहा महिने आणि काही वेळा अधिक काळ घ्यावी लागतात, सरकारी दवाखान्यात ती फुकट मिळतात. आणि दूध उकळूनच प्यावे. गुरांचा क्षय कच्च्या दुधातून माणसाच्या आतड्यात उतरतो.

आता जेवल्यावर किंवा उपाशीपोटी जठरात जळजळणाऱ्या, रात्री झोपेतून उठवणाऱ्या दुखण्याकडे येऊ. जठराला किंवा त्याच्या पुढच्या आतड्याला व्रण पडतो हे डॉक्टरांना पुष्कळ दिवस माहीत होते. का पडतो, तर काळजीने, तिखटाने आणि आम्लाने, असे विसाव्या शतकात ऐंशी वर्षे शिकवले गेले. रोग्याला तासातासाला दूध आणि साय द्यायची. तेवढ्याने भागले नाही तर जठराचा तुकडा कापून काढायचा. आपल्या देशात भात खाणाऱ्या दक्षिणेत हे व्रण फार आढळत आणि त्यांवरच्या शस्त्रक्रिया हे मोठ्या इस्पितळांचे रोजचे काम होऊन बसले होते.

ऑस्ट्रेलियातल्या पर्थ शहरी १९७९ साली रॉबिन वॉरन ह्या डॉक्टरला जठराच्या सुजलेल्या तुकड्यांत सूक्ष्मदर्शकाखाली पिळदार जंतू दिसले. जठरातल्या आम्लात जंतू जगतच नाही असे पुस्तकात होते. त्यामुळे लोकांनी त्याच्याकडे दुर्लक्ष केले. बॅरी मार्शल हा तरुण डॉक्टर त्याला येऊन मिळाला. दोघांनी तो जंतू प्रयोगशाळेत वाढवण्याचा खटाटोप चालवला, पण काही केल्या वाढेना. दोन दिवस वाट पाहायची आणि बशा फेकून द्यायच्या असा प्रघात. १९८२ च्या ईस्टरची सुटी आली आणि बशा तशाच उबेत राहून गेल्या. सुटीहून येऊन पाहतात तो जंतू वाढलेला! त्याला दोन दिवस पुरत नव्हते, एवढेच. सुट्यांना नावे ठेवणाऱ्यांनी हे लक्षात ठेवावे.

तरी जग मानेना. तेव्हा १९८४ साली मार्शलने तो जंतू घातलेले पेय स्वतःच पिऊन टाकले. काही दिवसांत त्याला ओकाऱ्या सुरू झाल्या, तोंडाला दुर्गंधी येऊ लागली, आणि दहाव्या दिवशी जठराचा तुकडा तपासला तर त्याला सूज, आणि सुजेत तेच जंतू. पुढे जंतुनाशक औषधांच्या एकदोन आठवड्यांच्या क्रमाने जन्माचे व्रण भरून येतात हे सिद्ध झाले आणि २००५ साली दोघांना नोबेल पारितोषिक मिळाले. ऐंशी वर्षे ज्यांना "काळजी करू नका, तिखट सोडा" म्हणून परत पाठवले त्यांच्या जठरात जंतू बसला होता!

अर्थात हा जंतू आपल्याकडे फार मोठ्या संख्येने लोकांच्या पोटात असतो आणि बहुतेकांना व्रण होत नाही. व्रणाचे दुसरे मोठे कारण आपण स्वतः विकत आणतो: गुडघे दुखतात, डोके दुखते म्हणून दुकानातून आणून उपाशीपोटी महिनोन् महिने घेतलेल्या वेदनाशामक गोळ्या. शौच डांबरासारखे काळे झाले तर आत रक्त वाहते आहे असे समजावे. आणि छातीच्या खड्ड्याखाली आवळून आले, घाम फुटला, जीव घाबरा झाला, तर त्याला गॅस म्हणून सोडा पीत बसू नये. हृदयविकाराचा झटकाही तिथेच दुखतो.

राहता राहिले ते दुखणे, ज्याच्यात काहीच सापडत नाही. रक्त ठीक, चित्र ठीक, दुर्बीण घालून पाहिले तरी ठीक. आणि तरी माणूस म्हणतो, दुखते, फुगते, आवळते. अशांना आपण "सोंग करतो" म्हणतो. हा अन्याय आहे. १८२२ साली अमेरिकेत अलेक्सिस सेंट मार्टिन ह्या कामगाराला बंदुकीची गोळी लागून पोटाला भोक पडले आणि ते कायमचे उघडे राहिले. त्याचा डॉक्टर बोमाँट त्या भोकातून रेशमी दोऱ्याला बांधून अन्न आत सोडी आणि पचन कसे होते ते पाही. रोग्याचा संताप झाला की जठराचा रंगढंग बदलतो, हे त्याने प्रत्यक्ष पाहिले आणि १८३३ च्या आपल्या पुस्तकात लिहिले. पुढे १८९७ च्या सुमारास हार्वर्डच्या वॉल्टर कॅननने मांजरांना बिस्मथ मिसळलेले अन्न घालून क्ष-किरणांखाली जठराची हालचाल पाहिली. मांजर बिथरले की हालचाल बंद; पाठीवरून हात फिरवून शांत केले की पुन्हा सुरू. आतड्याच्या भिंतीत मज्जातंतूंचे दाट जाळे असते आणि काही माणसांत ते अधिक हळवे होते, हे आता मान्य झाले आहे. त्यांचे दुखणे खरेच असते. त्याला इरिटेबल बाउल, म्हणजे चिडके आतडे, असे नाव आहे आणि खाण्यापिण्यातील फेरबदलांनी, काही औषधांनी ते पुष्कळसे आवरते. मात्र वजन उतरत असेल, ताप असेल, शौचातून रक्त जात असेल किंवा दुखणे पन्नाशीनंतर प्रथमच सुरू झाले असेल, तर हे नाव घाईने लावू नये.

शेवटी शाळेतल्या मुलांचे. गणिताच्या तासाला कोणाचे पोट दुखते हे प्रत्येक गुरुजींना पाठ असते. ब्रिस्टलच्या जॉन ॲप्ले ह्या बालवैद्याने १९५८ साली एक हजार शाळकरी मुलांची पाहणी प्रसिद्ध केली. दर दहांतल्या सुमारे एका मुलाचे पोट वारंवार, खेळ थांबावा इतके, दुखत होते, आणि त्यांतल्या फारच थोड्यांच्या शरीरात रोग सापडला. बाकीच्यांचे दुखणे भीतीचे, घरातल्या भांडणाचे, परीक्षेचे होते. पण ते दुखतच होते. आपल्याकडे त्यात जंतांची भर आहे. त्यासाठी २०१५ सालापासून राष्ट्रीय जंतनाशक दिन पाळला जाऊ लागला आणि शाळा-अंगणवाड्यांतून गोळी दिली जाऊ लागली.

ॲप्लेने एक व्यवहारी खूणही सांगून ठेवली आहे. दुखणे बेंबीपासून जितके दूर, तितकी आत खरा रोग असण्याची शक्यता अधिक. मुलाला विचारावे, "एका बोटाने दाखव बरं, कुठं दुखतं?" साऱ्या पोटावरून तळवा फिरवून बेंबीवर थांबला, तर पाणी प्यायला द्यावे, जवळ बसवावे, घरी सगळे बरे आहे ना ते हळूच विचारावे. बोट उजवीकडे खाली, बरगडीखाली किंवा पाठीकडे कुशीत गेले, किंवा मूल रात्री झोपेतून उठून रडते असे आईने सांगितले, तर त्याच दिवशी आरोग्य केंद्रात पाठवावे, आणि सोबत चिठ्ठी द्यावी: कधीपासून दुखते, कुठे दुखते, काय खाल्ले, शौच कसे होते.